वरचीला भूक लागते

"झोपलीस?" असं खालून शिट्टीनं वॉकीटॉकीवर विचारलं तेव्हा सळयांचा भारा हवेत हेलकावे खात होता आणि हनुवटी छातीवर आपटून माझे दात दुखत होते. म्हणजे झोपलेच होते. पापणी मिटून उघडेपर्यंतची झोप, पण झोप ती झोपच, तिला काय लहान-मोठं असतं! क्रेनच्या दांड्याचं एक बरं असतं, हाताची पकड सुटली की यंत्र जागच्या जागी थांबतं. थांबलं, गचका देऊन थांबलं, आणि त्या गचक्यानंच मला जाग आली. खाली कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. लोक आपापली घमेली उचलत होते, गवंडी भिंतीला ओळंबा लावत होता, कुणाला पत्ताही नाही. पत्ता फक्त एकाला. मी वॉकीटॉकीवर म्हणाले, "वारा होता." तिकडून खरखर आली, मग त्याचा तो रेंगाळणारा आवाज, "वारा? माझ्या बिडीचा धूर सरळ वर तुझ्याकडे येतोय, वरची. वारा नाहीये." मी भारा खाली घेतला, तो स्थिर झाला, माझं काळीज मात्र पुढे कितीतरी वेळ हलतच राहिलं.

वरची म्हणजे मी. साइटवर मला सगळे वरचीच म्हणतात. बारशाला ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर असतं, तिथेच ते सुखात आहे. शिट्टी म्हणजे खालचा सिग्नलवाला, माझ्याहून बराच मोठा, वॉकीटॉकी यायच्या आधी तोंडात दोन बोटं घालून शिट्टीवर क्रेन चालवायचा म्हणून शिट्टी. आमचं नातं काय म्हणावं? तो माझे डोळे. मला वरून माणसं दिसत नाहीत, हेल्मेटं दिसतात. भिंतीपलीकडे काय आहे ते तो सांगतो, "अजून घे, अजून, हळू, हळू गं बाई, थांब." दिवसभर एक माणूस कानात बोलत असतो आणि त्याचा चेहरा मात्र संध्याकाळी फाटकापाशी अर्धा मिनिट दिसतो. नवऱ्याशी संसार केला तेव्हाही इतकं बोलणं झालं नव्हतं. तो संसार मोडला, हा चालू आहे, असं मी आईला एकदा म्हणाले तर ती लाटणं घेऊन धावली होती.

त्या संध्याकाळी फाटकापाशी तो थांबला होता. म्हणाला, "साहेबाला सांगणार नाही. कुणाच्या पोटावर पाय द्यायची मला सवय नाही. पण उद्यापासून मी तुझ्या भाऱ्याला हात लावणार नाही. दोरी बांधून लांबून ओढीन." मी म्हणाले, "एकदा झालं, दादा." तो म्हणाला, "एकदाच लागतं." आणि सायकलवर टांग टाकून गेला. आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वरून येणारा भारा गिरकी घेतो, तो जमिनीच्या जरा वर असतानाच खालचा माणूस तळहात वर करून त्याला थोपवतो, गाईच्या पाठीवर हात ठेवावा तसा. टनभर लोखंड, आणि एक तळहात. तो हात वर आला की मला वर बसून कळायचं, झालं, पोचलं. दुसऱ्या दिवशीपासून हात आला नाही. पिवळं हेल्मेट पार सिमेंटच्या शेडपाशी उभं, मधे लांबलचक दोरी. काम होत होतं, बिनचूक होत होतं, पण मला प्रत्येक भाऱ्यागणिक कुणीतरी थोबाडीत मारावी तसं वाटत होतं. त्यात साहेबानं, म्हणजे आमच्या इंजिनिअरनं, जाहीर केलं की महिन्याअखेर जनरेटर येतोय, तो तळघराच्या खड्ड्यात उतरवायचा आहे. खड्डा अरुंद, चारी बाजूंनी भिंती. तिथे दोरीला जागाच नाही. खाली माणूस उभा राहूनच हात लावायला हवा. शिट्टी राहिला नाही तर साहेब विचारणार, का रे बाबा? आणि त्या 'का'चं उत्तर दिलं की माझं वरचं आसन गेलं. मी शिट्टीला विचारलं, "जनरेटरला उभा राहशील ना?" तो म्हणाला, "बघू." या 'बघू'नं माझी झोप उडाली. विनोदच म्हणायचा, कारण झोप नव्हतीच मुळी.

कशी असणार? माझं खाणंपिणं असं होतं की उंटानं लाजावं. सकाळी गजर वाजला की बिनसाखरेचा काळा चहा, तोही घोटभर, आणि मग वर. वर संडास नाही. शिडी उतरून, जाऊन, पुन्हा चढून येईपर्यंत सगळी साइट हात बांधून उभी राहणार आणि मी उतरले की चढले याची टवाळी करणार. ज्यांनी मला क्रेन शिकवली त्या उस्तादांचा मंत्रच होता, पोट रिकामं तर डोकं हलकं. ते स्वतः सकाळी चढायचे ते थेट संध्याकाळी उतरायचे, आणि मधे जो उतरेल त्याला कच्चा म्हणायचे. मी तर बाई. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं होतं, "पोरी, तुला थांबता येतं का?" काय थांबता येतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी थांबून दाखवलं. पाणी बंद, जेवण बंद. ओठ सुकले की जिभेनं चाटायचे. दुपारनंतर डोळ्यांपुढे एक झिरमिरीत पडदा यायचा, त्याला मी ऊन म्हणायचे. मूर्खपणा होता तो, शुद्ध मूर्खपणा, पण त्याचा मला कोण गर्व! बाकीच्या क्रेनवाल्यांनी विचारलं, कसं जमतं गं तुला, की मी अशी काही खांदे उडवायचे की जणू माझ्यात आतडीच नाहीत.

आणि मग संध्याकाळ. संध्याकाळी आई. दिवसभर एकटी असते, दुपारपासून स्वयंपाक मांडते, मी उंबऱ्यात पाय ठेवला की ताट. "उपाशी पोर माझी," म्हणत भाताचा डोंगर, त्यावर आमटी, बाजूला तळलेलं काहीतरी, वरून अजून भात. मी हावऱ्यासारखी खायचे आणि ती समोर बसून बघायची. हेच आमचं बोलणं. ती म्हणणार, घे, मी म्हणणार, पुरे, ती वाढणार. माझ्या लहानपणी ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, रात्रपाळी असली की मी आणि वडील शिळं खाऊन झोपायचो, त्याचं तिला अजून वाईट वाटतं आणि ते ती माझ्या ताटात फेडते. हे मला कळत होतं, म्हणूनच नाही म्हणवत नव्हतं. मग फुगलेलं पोट घेऊन अंथरुणावर पडायचं, डावीकडे वळलं तर जळजळ, उजवीकडे वळलं तर ढेकर, आणि उताणं पडलं तर छत क्रेनसारखं फिरायला लागायचं. मग फोन. कोण कुठली बाई केकवर फुलं काढतेय ते बघ, कोण कुठला माणूस गंजलेली कुऱ्हाड घासतोय ते बघ. ती कुऱ्हाड चकाकायला लागेपर्यंत माझी झोप मोडीत निघालेली असायची. सकाळी पुन्हा काळा चहा. चाक फिरत होतं. मधूनच एक पापणी मिटली इतकंच.

पण मी तिरसट आहे, आणि तिरसट माणसाचा एक फायदा असतो, ते दुसऱ्यावर चिडतं तसं स्वतःवरही चिडू शकतं. 'बघू' म्हणतो काय! बघच मग! त्याच संध्याकाळी मी आईला म्हणाले, "थोडंच वाढ." तिनं ऐकलं नाही. मी अर्धं ताट परत केलं. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली असेल तर तसं सांग." मी म्हणाले, "चव नाही गं, वेळ चुकतेय." "वेळ? जेवायला कसली वेळ? भूक लागली की वेळ." आता हिला काय सांगू की मला भूक लागतच नाही, फक्त संध्याकाळी आत एक खड्डा पडतो आणि तो मी बुजवते! मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. तिनं झाकण उघडून पाहिलं. "हा शिजवायचाय का उद्या?" मला हसू आलं, तिलाही आलं, पण रुसवा गेला नाही. अंथरुणावर पडले तर पोटात गुरगुर, हात फोनकडे जातोय, फोन तांदळात. काय करू, काय करू असं झालं. मग नुसतं पडून राहिले आणि खिडकीबाहेर कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज ऐकत राहिले. लहानपणी मला हाच आवाज ऐकत झोप लागायची, ते आठवलं, आणि ते आठवत असतानाच कधीतरी सगळं मिटलं.

सुरुवातीला धड काहीच जमलं नाही. सकाळी बळंच अंडी आणि पाव कोंबले आणि वर केबिन वाऱ्यानं डुलायला लागल्यावर ते सगळं घशाशी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी क्रेनवर देवाचा धावा केला. एकदा फोन डब्यातून काढून तांदळासकट अंथरुणात आणला आणि सकाळी गालाला तांदूळ चिकटलेले. आई म्हणाली, "अक्षता कुणी टाकल्या?" पण मग, कसं सांगू, एका सकाळी गजराच्या आधीच डोळे उघडले. उजेड नुकता येत होता. कुठे काही दुखत नव्हतं. आत काहीतरी बारीक, स्वच्छ, टोकदार असं हलत होतं, मला वाटलं आजारी पडतेय की काय. मी उठून बसले आणि एकदम ओळखलं. भूक! सकाळी! मला भूक लागली होती! शाळेत असताना लागायची तशी, दप्तर खांद्यावरून खाली ठेवायच्या आधीच लागायची तशी! मी स्वयंपाकघरात धावले, "आई, खायला दे!" ती दचकली, "काय झालं?" "काही झालं नाही, भूक लागलीय!" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लगबगीनं पातेलं चढवलं, भात, वर डाळ, बाजूला दही, आणि काय ती वाढत होती, काय मी खात होते! गरम भाताला वास असतो हे मी विसरलेच होते. डाळीत तिनं लसूण जाळून घातला होता, तो दाताखाली आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडले नाही हं, लसूण होता.

आणि एक शोध लागला. सकाळची आई वेगळीच आहे! संध्याकाळची आई दमलेली, दिवसभर वाट बघून आंबलेली, घे आणि खा याशिवाय शब्द नाही. सकाळची आई बडबडी, खट्याळ. धोबीखान्यातल्या गोष्टी सांगते, एका डॉक्टराच्या कोटाच्या खिशात तिला सापडलेलं प्रेमपत्र आणि कपडे वाळत घालताना ते सगळ्या बायकांनी म्हणून दाखवलेलं. तिची नक्कल बघून मला ठसका लागला. इतकी वर्षं ही बाई सकाळी माझ्यासमोर उभी होती आणि मी काळा चहा ढोसून पळत होते. आता संध्याकाळी थोडंसं सूप, एखादी पोळी, आणि आमचा खरा पंगतीचा सोहळा सकाळी. ती म्हणाली, "बरं झालं बाई, संध्याकाळी मलाही तळणाचा कंटाळाच यायचा. तुझ्यासाठी करत होते." मी कपाळाला हात लावला. दोघी एकमेकींसाठी जळजळ सोसत होतो!

वर सगळं लख्ख दिसायला लागलं. दुपारचा तो झिरमिरीत पडदा, ज्याला मी ऊन म्हणायचे, तो गेला. मला हेल्मेटांखालचे खांदे दिसायला लागले, कोण लंगडतोय, कोण रेंगाळतोय, सगळं. हात दांड्यावर असा बसायचा की भारा जमिनीला टेकताना धूळसुद्धा उडू नये. मी डबा वर न्यायला लागले, केळं, उकडलेलं अंडं, बाटलीभर पाणी, दोन उचलींच्या मधे चोरून खायचे, घोट घोट प्यायचे. चोरून, कारण उतरणं मात्र अजून जमत नव्हतं. पोट ताणून बसायचे पण उतरायचे नाही. उस्ताद कधीचे गेले, त्यांचा 'कच्चा' माझ्या कानात मुक्कामाला होता. शिट्टीला काही फरक दिसला का? दिसला असणार. एकदा म्हणाला, "आज आवाज बरा येतोय तुझा." बस. दोरी तशीच.

जनरेटर आला तो दिवस सकाळपासूनच उलटा होता. ट्रक येतोय येतोय म्हणत आलाच नाही, म्हणून साहेबानं मधल्या वेळात फळ्या, विटा, पाइप, दिसेल ते उचलून घेतलं. डबा उघडायला उसंत नाही. पाणी मात्र मी पीत राहिले, नव्या सवयीनं. ट्रक आला तेव्हा सगळ्यांची जेवणाची वेळ झालेली. साहेब वॉकीटॉकीवर म्हणाला, "जेवणं नंतर. आधी हे उतरवा, ट्रक मोकळा करायचाय." साखळ्या बांधल्या. मी जनरेटर जरासा उचलून तोलून पाहिला, पुन्हा ट्रकवर टेकवला. सगळी साइट खड्ड्याभोवती गोळा. आणि मग मी बघते तर पिवळं हेल्मेट खड्ड्याच्या शिडीवरून खाली चाललंय. एक पायरी, मग थांबून वर माझ्याकडे बघणं, मग पुढची पायरी. उतरला! 'बघू' म्हणणारा उतरला! माझ्या छातीत असं काही उसळलं की ओरडावंसं वाटलं. हे सगळं कशासाठी केलं होतं, याच्यासाठीच तर! मी दांड्यावर हात ठेवला, तोंड उघडून मोठा श्वास घेतला, आणि तो श्वास बघता बघता जांभई झाला.

लांब, खोल, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई. बोटं दांड्यावर किंचित थरथरत होती. पोटात ती स्वच्छ टोकदार भूक, आणि त्याखाली सकाळपासून प्यायलेलं पाणी, तेही आता थांबवेनासं झालेलं. पूर्वीची मी असते तर मला हे कळलंही नसतं, ऊन आहे म्हणून पुढे गेले असते. आता कळत होतं. सुधारले होते म्हणूनच कळत होतं, आणि आत्ता कळायला नको होतं! पाच मिनिटांचं काम. दात आवळून होऊन जाईल. बहुतेक होऊन जाईल. खाली खड्ड्यात तो एकटा, चारी बाजूंनी भिंती, पळायला जागा नाही, आणि माझ्या हाती नुसतं 'बहुतेक'. आता नाही म्हटलं तर सगळ्यांदेखत नाक कापलं जाणार, साहेब विचारणार, तो पुन्हा उतरेल की नाही कोण जाणे. मी बटण दाबलं.

"शिट्टी, वर ये."

"का? काय झालं?"

"मला भूक लागलीय. आणि खाली जायचंय. मी उतरतेय."

वॉकीटॉकीवर एकच गदारोळ. साहेब ओरडला, "आत्ता? अहो, पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं, बाई!" मी म्हणाले, "जनरेटर ट्रकवर टेकलाय, कुठे जात नाही. जेवल्याशिवाय मी हे माणसाच्या डोक्यावर धरणार नाही." आणि क्रेन बंद केली. शिडी उतरताना काय हलकं वाटत होतं म्हणून सांगू! सगळ्यांच्या नजरा वर. कुणीतरी खिदळलं. मी तरातरा गेले, आधी संडास, मग नळावर तोंड धुतलं, मग फळ्यांच्या ढिगावर बसून डबा उघडला. पहिला घास घाईत मांडीवर सांडला.

शिट्टी आला. कपड्यांना खड्ड्यातली माती. मला वाटलं, आता बोलतो. तो सरळ शेडकडे गेला, एक चेपलेला डबा घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. बसला म्हणजे कसा, तर आधी फळी हातानं झाडली, मग हळूच टेकला, मग पाय लांब केले आणि हुश्श केलं. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. गाल बसलेले. डबा उघडून त्यानं पोळी मोडली, भाजीला लावली आणि सावकाश, फार सावकाश चावत राहिला.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसून जेवतोय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तू उतरत नाहीस. मग मला खालून हलता येतंय होय? हुक वर आणि सिग्नलवाला जेवायला, असं कसं चालेल? शेडच्या मागे उभ्यानं दोन घास टाकायचे आणि पळायचं. निम्मा डबा घरी परत. बायको शिव्या घालते."

मी इतकी वर्षं वर बसून माझ्या उपासाचा तोरा मिरवत होते, आणि त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस माझ्याबरोबर उपाशी उभा होता. मला वाटत होतं, मी एकटीनं थांबून दाखवतेय.

"मग सांगायचं नाही का!" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगायचं? तू वर उपाशी, आणि मी खाली म्हणू मला भूक लागते?" त्यानं माझ्या डब्यात डोकावलं. "ती डाळ कुणी केलीय? दे जरा."

मी डबाच त्याच्यापुढे सरकवला. रडू येत होतं आणि हसूही, आणि या खेपेला लसणाचं निमित्त नव्हतं. लांबून साहेब हातातलं घड्याळ दाखवत ओरडला, ट्रकवाला किती वेळ म्हणून विचारतोय. शिट्टीनं भरल्या तोंडानं मान वळवली आणि सगळ्या साइटला ऐकू जाईल असं ओरडला, "जेवतोय आम्ही! त्यालाही म्हणावं जेवून घे!" त्यावर बाकीचेही खड्ड्यापासून उठले आणि आपापले डबे आणायला गेले.

आम्ही पोटभर जेवलो. मी जरा वेळ फळ्यांना पाठ टेकून डोळे मिटले, उघडपणे, सगळ्यांसमोर, आणि कुणी काही बोललं नाही. मग उठून वर गेले. दांडा हातात घेतला तेव्हा हात स्थिर होता आणि मला असा काही हुरूप आला होता की जनरेटरच काय, आख्खी इमारत उचलून ठेवली असती. पिवळं हेल्मेट शिडीवरून खड्ड्यात गेलं, या वेळी मधे न थांबता.

"घे," तो कानात म्हणाला. "सावकाश घे. घाई नाही आता."

मी खाली घेतलं.